दूध तुटलेल्या पिल्लांची हगवण: प्रोबायोटिकचा उपयोग किती आणि केव्हा

बदलापूर ते मुरबाड रस्त्यालगत १८ माद्यांचे वराहपालन करणाऱ्या एका तरुण पशुपालकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. लार्ज व्हाइट यॉर्कशायरच्या संकरित माद्या, पिल्लांचे दूध ३५ व्या दिवशी तोडले जाते आणि त्यानंतरच्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक वेताला हगवण लागते. पावसाळ्यात ती अधिक असते, काही पिल्ले दगावतात आणि वाचलेली महिनाभर खुरटलेली राहतात. आतापर्यंत खाद्यातून प्रतिजैविक देऊन वेळ मारून नेली. आता कल्याणच्या खाद्य विक्रेत्याने प्रोबायोटिकची, म्हणजे आतड्याला उपयोगी अशा जिवंत जिवाणूंची, पुडी सुचवली आहे. ती द्यावी का, दिली तर प्रतिजैविक बंद करता येईल का, तिच्याऐवजी घरचे ताक चालेल का आणि तिने आफ्रिकन स्वाइन फिव्हरपासून संरक्षण मिळेल का, असे चार प्रश्न त्यांनी विचारले आहेत. ठाणे जिल्ह्यात २६ वर्षे पशुवैद्यक म्हणून काम करताना हे प्रश्न मला अनेकदा ऐकावे लागले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

पुडी द्यायला हरकत नाही आणि योग्य वेळी योग्य जिवाणू दिले तर उपयोग होतो, हे माझे मत मी आधीच सांगून ठेवतो. मात्र हगवण लागल्यावर देण्याचे औषध म्हणून तुम्ही ती घेणार असाल, तर पैसे वाया जातील. प्रोबायोटिक हे आतड्यातील वस्तीची घडी बसवण्याचे साधन आहे, आणि ती घडी बसते पिल्लू जन्मल्यापासून दूध तुटेपर्यंतच्या काळात. त्यामुळे पुडीचा पहिला चमचा पिल्लाच्या नव्हे, तर विण्यास तीन आठवडे उरलेल्या मादीच्या खाद्यात पडला पाहिजे. असे का, हे समजण्यासाठी दूध तुटल्यावर पिल्लाच्या पोटात नेमके काय घडते ते पाहावे लागेल.

डुकराच्या पिल्लाला आईच्या गर्भातून प्रतिपिंडे जवळजवळ मिळतच नाहीत, कारण या प्राण्याच्या वारेची रचनाच तशी आहे. सारे संरक्षण चिकातून येते आणि तेही पहिल्या २४ तासांत, कारण त्यानंतर आतडे ती मोठी प्रथिने रक्तात घेण्याचे थांबवते. पुढे दुधातून येणारी आयजीए प्रकारची प्रतिपिंडे रोजच्या रोज आतड्याच्या अस्तरावर लेप देत राहतात. दूध तोडले की हा लेप एका दिवसात बंद होतो, आणि पिल्लाची स्वतःची प्रतिकारशक्ती तर अजून पुरती तयार झालेली नसते. त्याच दिवशी आई जाते, जागा बदलते, दुसऱ्या वेतातील पिल्लांशी मारामारी होते आणि पातळ, गोड, उबदार दुधाऐवजी समोर कोरडे पीठ येते. बरीच पिल्ले पहिला दिवस, काही तर दुसराही दिवस, काहीच खात नाहीत. उपाशी आतड्याच्या अस्तरावरील बोटांसारखे उंचवटे पहिल्या चार-पाच दिवसांत आखूड होतात आणि अन्न शोषून घेणारा पृष्ठभाग घटतो. मग तिसऱ्या दिवशी भूक लागून पिल्लू अधाशासारखे खाते. पोटात पुरेसे आम्ल तयार होत नसते, कारण आतापर्यंत दुधातील साखरेचे लॅक्टिक आम्ल होऊन ती उणीव भरून निघत होती. न पचलेले प्रथिन मोठ्या आतड्यात उतरते, सडते आणि रोगकारक ई. कोलाय जिवाणूंना आयतीच मेजवानी मिळते. हे जिवाणू आतड्याच्या अस्तराला चिकटतात, विष सोडतात आणि त्यामुळे शरीरातील पाणी व क्षार आतड्यात ओढले जातात. तुम्ही पाहता ती पाण्यासारखी हगवण ती हीच.

या साखळीत प्रोबायोटिक कोठे काम करते? चांगले जिवाणू अस्तरावरील जागा आणि अन्न आधी अडवून ठेवतात. लॅक्टिक आम्ल तयार करून आतड्याचा सामू (पीएच) खाली आणतात, आणि तो ई. कोलायला मानवत नाही. काही जिवाणू इतर जिवाणूंना मारक अशी छोटी प्रथिने सोडतात. बॅसिलस गटातील जिवाणू प्रथिने व पिष्टमय पदार्थ फोडणारी विकरे तयार करतात. शिवाय आतड्याच्या पेशींमधील सांधे घट्ट राहणे आणि स्थानिक प्रतिकारशक्ती जागी होणे, हे परिणामही प्रयोगांत दिसले आहेत. या सगळ्या गोष्टी सावकाश होणाऱ्या आहेत. ई. कोलायने जागा बळकावल्यानंतर, पिल्लाचे डोळे खोल गेल्यावर आणि शेपटीखालची जागा ओली झाल्यावर वरून पुडी टाकून ही कामे होत नाहीत. त्या वेळी पिल्लाला हवे असते क्षारयुक्त पाणी, ऊब आणि गरज असल्यास पशुवैद्यकाने तपासून दिलेले औषध.

मादीपासून सुरुवात करण्याचे कारण आता लक्षात येईल. पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या आतड्यात जवळजवळ काही नसते. विणताना, आचळाला लागलेल्या मळातून, जमिनीवरून आणि मुख्यतः आईच्या विष्ठेतून त्याच्या आतड्यात पहिले रहिवासी येतात. मादीच्या विष्ठेत जे असेल तेच पिल्लाला मिळणार. विण्यापूर्वी साधारण तीन आठवडे आणि संपूर्ण दूध पाजण्याच्या काळात मादीला बॅसिलस किंवा एन्टेरोकोकस असलेले खाद्य दिले, तर दूध पिणाऱ्या पिल्लांतील हगवण कमी होते, असे जर्मनीतील प्रयोगांत दिसले आहे आणि माझाही अनुभव तसाच आहे. गाभणपणाच्या शेवटी मादीला होणारी बद्धकोष्ठता थोडी सुधारते, हा आणखी एक फायदा मला दिसतो, पण त्याचे श्रेय पुडीपेक्षा खाद्यातील कोंड्याला आणि भरपूर पाण्याला अधिक द्यावे लागेल.

आता जिवाणूंची निवड. आज 'प्रोबायोटिक' म्हटले की लोकांना दह्याचा डबा आठवतो, परंतु १९७४ मध्ये पार्कर या संशोधकाने या शब्दाची व्याख्या केली ती पशुखाद्याच्या संदर्भात, आतड्यातील सूक्ष्मजीवांचा समतोल राखणारे घटक या अर्थाने. पुरेशा प्रमाणात दिल्यावर यजमानाच्या आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव, ही आज वापरात असलेली व्याख्या २००१ मधील अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञगटाची आहे. या व्याख्येतील 'जिवंत' आणि 'पुरेशा प्रमाणात' हे दोन शब्द पुडी विकत घेणाऱ्याने मनात पक्के ठेवावेत, कारण आपल्याकडे बहुतेक वेळा घोटाळा या दोन ठिकाणीच होतो.

बाजारात तीन गट मिळतात. पहिला लॅक्टोबॅसिलस, पेडिओकोकस, एन्टेरोकोकस यांसारख्या आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंचा. हे पिल्लाच्या आतड्याचे नैसर्गिक रहिवासी आहेत, परंतु नाजूक आहेत. उष्णता, दमटपणा आणि पाण्यातील क्लोरीन त्यांना मारते. दुसरा गट बॅसिलस सबटिलिस आणि बॅसिलस लायकेनिफॉर्मिस यांचा. हे बीजाणूंच्या रूपात येतात, म्हणजे जणू टणक कवचातील बी. गोळीखाद्य तयार करताना लागणारे ८० ते ८५ अंश तापमान ते सोसतात आणि कोकणातल्या दमट हवेतही महिनोन्महिने टिकतात. ते आतड्यात कायमची वस्ती करत नाहीत, म्हणून रोज द्यावे लागतात. तिसरा गट सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टचा. जिवंत यीस्ट माद्यांमध्ये आणि वाढीच्या डुकरांमध्ये वापरतात, परंतु साधे यीस्ट गोळीखाद्याच्या उष्णतेत टिकत नाही. तुमच्या ठिकाणची परिस्थिती पाहता मी बॅसिलसची शिफारस करेन. वातानुकूलित खोल्या, शीतपेटी आणि प्रशिक्षित कामगार असलेल्या फार्मवर लॅक्टोबॅसिलसचा विचार करता येईल. जून ते सप्टेंबर मुरबाडच्या शेडमध्ये ठेवलेली, तोंड उघडे राहिलेली पुडी मात्र आठ दिवसांत ओलसर ढेकूळ होते आणि त्यात जिवंत काय उरले असेल हे सांगता येत नाही.

उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगर येथे असलेल्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत डुकराच्याच आतड्यातून वेगळ्या केलेल्या पेडिओकोकस ॲसिडिलॅक्टिसी जिवाणूची, दुग्धजन्य लॅक्टोबॅसिलसशी तुलना दूध तुटलेल्या पिल्लांवर केली गेली आणि डुकराच्या मूळच्या जिवाणूचा परिणाम सरस ठरला. ज्या प्राण्याला द्यायचे त्याच प्राण्याच्या आतड्यातला जिवाणू त्या वस्तीत लवकर रुळतो, हे तर्काला धरून आहे. माणसांसाठी असलेल्या औषधांच्या दुकानातील कॅप्सूल फोडून पिल्लांना देणारे पशुपालक मला भेटतात. त्यांना मी हेच सांगतो.

पुडीवरील मजकूर वाचायला शिका. जिवाणूचे नुसते नाव पुरत नाही, त्याच्या वाणाचा क्रमांकही हवा, कारण एकाच जातीचे दोन वाण अगदी वेगळे वागू शकतात. दर ग्रॅममध्ये किती सीएफयू, म्हणजे वस्ती करू शकणाऱ्या जिवंत पेशी किती, हा आकडा हवा आणि तो मुदत संपेपर्यंतचा हवा. एक किलो तयार खाद्यात साधारण १०० कोटी पेशी हे प्रमाण मी धरतो. दर ग्रॅममध्ये २०० कोटी पेशी असलेली पुडी टनाला ५०० ग्रॅम टाकली, तर किलोमागे बरोबर १०० कोटी होतात. पण दर ग्रॅममध्ये एक कोटी पेशी असलेली पुडी त्याच मापाने टाकली, तर किलोमागे फक्त ५० लाख पडतात, म्हणजे दोनशेवा भाग. दोन्ही पुड्या सारख्या रंगीत असतात, दोन्हींवर डुकराचे हसरे चित्र असते. जीवनसत्त्वे, यकृताचे टॉनिक, विकरे आणि चार जातींचे जिवाणू अशी खिचडी असलेल्या, पण एकाही घटकाचा आकडा नसलेल्या पुड्या तर सरळ परत करा. विक्रेत्याला वाईट वाटले तरी चालेल.

सुरक्षिततेचाही मुद्दा आहे. एन्टेरोकोकसच्या काही वाणांत प्रतिजैविकांना दाद न देण्याची जनुके असतात आणि ती दुसऱ्या जिवाणूंकडे जाऊ शकतात. टोयोसेरिन या नावाने युरोपात वर्षानुवर्षे वापरलेल्या एका बॅसिलस उत्पादनाची परवानगी पुढे याच कारणाने, तसेच त्या वाणाच्या विष तयार करण्याच्या क्षमतेमुळे, काढून घेतली गेली. म्हणून वाणाचा क्रमांक विचारणे ही पंडिती हौस नाही. आणि प्रोबायोटिक सर्व रोगजंतूंवर सारखेच चालते असेही समजू नका. सॅल्मोनेलाची मुद्दाम लागण केलेल्या पिल्लांवर एन्टेरोकोकस फेसियम वापरून केलेल्या प्रयोगात अपेक्षित संरक्षण मिळाले नाही.

आता प्रतिजैविकाचा प्रश्न. खाद्यातून वाढीसाठी प्रतिजैविक देणे युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून बंद केले. त्यानंतर हगवणीसाठी खाद्यात टनाला अडीच-तीन किलो झिंक ऑक्साइड टाकण्याची पद्धत तिथे रूढ होती, तीही जून २०२२ मध्ये थांबली, कारण ते जस्त शेणखतातून मातीत साठत होते आणि औषधांना न जुमानणारे जिवाणू वाढवत होते. आपल्याकडे कोलिस्टिन हे प्रतिजैविक अन्न देणाऱ्या प्राण्यांत आणि त्यांच्या खाद्यात वापरण्यास जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली. माणसांच्या गंभीर संसर्गात शेवटचा उपाय म्हणून हे औषध राखून ठेवलेले आहे. त्याला दाद न देणारे आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे उडी मारणारे जनुक चीनमध्ये सापडले, आणि २०१५ मध्ये ते जगासमोर आले तेव्हा त्याचा माग डुकरांपर्यंतच गेला होता. तुमच्या शेडमधील सांडपाणी उल्हास नदीच्या खोऱ्यात उतरते आणि त्याच नदीचे पाणी खाली लाखो लोक पितात. तेव्हा प्रतिजैविक सोडण्याची तुमची इच्छा मला मनापासून आवडली.

पण ते एका दिवसात सोडून त्या जागी पुडी ठेवू नका. आधी हगवणीचे निदान झाले पाहिजे. वय पाहून बराच अंदाज येतो. पहिल्या तीन दिवसांत रक्तमिश्रित हगवण होऊन पिल्ले पटापट दगावत असतील, तर क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूचा संशय येतो. पाच ते पंधरा दिवसांच्या पिल्लांना पिवळी, पेस्टसारखी हगवण होऊन प्रतिजैविकाने काहीच फरक पडत नसेल, तर बहुधा ती कॉक्सिडिया या परजीवीची असते. दूध तुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतील पाण्यासारखी हगवण बहुतेक ई. कोलायची. वाढीच्या डुकरांत शेम आणि रक्त दिसले तर विषय वेगळाच आहे. यांपैकी प्रोबायोटिकची खरी मदत दूध तुटल्यानंतरच्या हगवणीत आणि तीही प्रतिबंध म्हणून होते. कॉक्सिडिया किंवा जंत यांवर ते दिल्याने फक्त वेळ जातो. ताजी विष्ठा आणि नुकतेच मेलेले पिल्लू परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे किंवा जवळच्या रोगनिदान प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठवणे हा खर्च समजू नका.

आणखी एक चूक सांगतो, जी मी स्वतः केली होती. काही वर्षांपूर्वी शहापूरकडील एका फार्मवर मी लॅक्टोबॅसिलस पाण्यातून देण्याचा सल्ला दिला. तीन महिने काहीच फरक पडला नाही. मग एके दिवशी सकाळी सहाला मी तिथे पोहोचलो, तेव्हा कळले की टाकीत रोज ब्लीचिंग पावडर पडत होती आणि खाद्यात पूर्वीपासूनचे प्रतिजैविकही चालूच होते. एका हाताने पेरून दुसऱ्या हाताने उपटण्याचा हा प्रकार मी आधी न विचारल्यामुळे घडला आणि त्या माणसाचे तीन महिने गेले. तेव्हापासून पाणी आणि चालू औषधे यांची चौकशी केल्याशिवाय मी पुडीचे नाव काढत नाही. तुम्हीही पाण्यात क्लोरीन टाकत असाल तर प्रोबायोटिक पाण्यातून न देता खाद्यातूनच द्या. प्रतिजैविकाचा उपचार आवश्यकच असेल तर तो पूर्ण होऊ द्या आणि त्यानंतर प्रोबायोटिक सुरू करा.

तुमच्या पत्रात डोंबिवलीच्या हॉटेलांतील खरकटे दिल्याचा उल्लेख आहे, आणि मला पुडीपेक्षा त्याचीच काळजी अधिक वाटते. आफ्रिकन स्वाइन फिव्हर भारतात २०२० मध्ये प्रथम आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आढळला. तो विषाणूजन्य आहे, त्यावर औषध नाही आणि आपल्याकडे लसही उपलब्ध नाही. कोणतेही प्रोबायोटिक त्यापासून वाचवू शकत नाही आणि तसा दावा करणाऱ्याला दारात उभे करू नका. हा विषाणू खरकट्यातील डुकराच्या मांसाच्या तुकड्यांतून येतो. खरकटे द्यायचेच असेल तर ते सतत ढवळत ९० अंशांवर किमान ६० मिनिटे शिजवले पाहिजे, आणि कच्च्या खरकट्याची पिंपे, बादल्या, गाडी यांचा शेडशी काडीचाही संबंध येता कामा नये. क्लासिकल स्वाइन फिव्हर हा निराळा रोग असून त्याची लस मिळते, ती वेळापत्रकाप्रमाणे टोचलीच पाहिजे.

खरकट्याचा हगवणीशीही थेट संबंध आहे. त्यातील तेल आणि मसाला रोज बदलतो, म्हणजे पिल्लाच्या आतड्यातील वस्तीला रोज नवे अन्न मिळते आणि तिची घडी कधीच बसत नाही. लोणची, फरसाण आणि खारट रस्से यांमुळे मीठही जास्त जाते. त्याच दिवशी पाण्याचे निपल तुंबले, तर मिठाची विषबाधा होऊन डुक्कर कुत्र्यासारखे बसते, मागे मागे सरकते, त्याला झटके येतात. दूध तुटल्यापासून पहिले सहा आठवडे पिल्लांना खरकटे अजिबात देऊ नका, फक्त मका, सोयाबीन पेंड, थोडा भाताचा कोंडा, मासळीची भुकटी आणि खनिज मिश्रण यांचे ठरावीक खाद्य द्या. मोठ्या डुकरांच्या शिजवलेल्या खरकट्यात पुडी टाकायची असेल तर हंडा कोमट झाल्यावर टाका. उकळत्या हंड्यात पुडी रिकामी करताना मी कामगारांना पाहिले आहे. बीजाणूंचे कवचसुद्धा तासभर उकळण्यासाठी बनलेले नाही.

ताकाबद्दल. घरचे ताजे ताक दिल्यास तोटा नाही आणि काही फायदाही आहे, पण तो त्यातील जिवाणूंपेक्षा त्यातील लॅक्टिक आम्लाचा आहे. दह्याचे जिवाणू डुकराच्या आतड्यात सहसा टिकत नाहीत. आंबवलेले पातळ खाद्य हा याच तत्त्वाचा सुधारलेला प्रकार असून डेन्मार्क आणि नेदरलँड्समध्ये त्यावर बरेच काम झाले आहे. पीठ पाण्यात भिजवून लॅक्टिक आम्लाच्या जिवाणूंनी आंबवतात, सामू ४.५ च्या खाली आला की त्यातील ई. कोलायसारखे जिवाणू झपाट्याने घटतात आणि दूध सुटलेले पिल्लू कोरड्या पिठापेक्षा ते लवकर खाऊ लागते. ठाण्याच्या उकाड्यात मात्र आंबण्याचा वेग इतका असतो की सकाळचे सायंकाळी बिघडते, यीस्ट वाढते, फेस येतो. रोज पिंप धुणारा विश्वासू माणूस आणि सामू मोजायच्या पट्ट्या असतील तरच या वाटेला जा. तोपर्यंत पहिले चार दिवस कोरडे खाद्य ताकात कालवून, दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्या आणि उरलेले दर वेळी काढून टाका. दूध तुटलेल्या पिल्लाने पहिल्या दिवशी चार घास खाल्ले, एवढ्यानेच अर्धी लढाई जिंकल्यासारखे होते.

पुडी पिठात मिसळताना एकदम शंभर किलोच्या ढिगावर टाकू नका. आधी एक किलो कोंड्यात चांगली मिसळा, ते दहा किलोत, मग सगळ्यात. पिल्लांच्या खाद्यात दूध तोडण्यापूर्वी आठ-दहा दिवसांपासून, म्हणजे ती आईजवळ असतानाच कोरडे खाद्य चाटू लागतात तेव्हापासून सुरू करून, तुटल्यानंतर चार आठवडे चालू ठेवा. वाढीच्या मोठ्या डुकरांत फायदा फार थोडा आणि अनिश्चित असतो, कारण त्यांच्या आतड्यातील वस्ती स्थिर झालेली असते. तिथे पैसे घालवू नका.

याच्याच जोडीला दोन गोष्टी केल्या नाहीत तर पुडीचा परिणाम दिसणार नाही. दूध तुटल्यावरच्या खाद्यात प्रथिनांचे प्रमाण २१-२२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांपर्यंत आणा आणि उणीव भरून काढण्यासाठी लायसिन हे अमिनो आम्ल टाका. न पचलेले प्रथिन हेच ई. कोलायचे खाद्य असल्याने हगवणीवर याचा परिणाम मोठा असतो, आणि अमोनियाचा वासही कमी होतो. आसपास नव्या इमारती उभ्या राहात असलेल्या तुमच्या भागात वासाच्या तक्रारी येत असतील, तर हा उपाय पुडीच्या आधीचा आहे. दुसरी गोष्ट कोरड्या जमिनीची. दूध तुटलेल्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात साधारण २८ ते ३० अंशांची ऊब लागते. आपल्याला ठाण्यात उकडते म्हणून पिल्लालाही उकडत असेल असे नाही. जुलैच्या रात्री ओल्या लादीवर, नैऋत्येकडून येणाऱ्या पावसाच्या तुषारांत पडलेले पिल्लू थंडीने कुडकुडत असते. त्या बाजूला गोणपाटाचा पडदा, कोपऱ्यात लाकडी फळी आणि वर एक दिवा, एवढ्यानेच तुमच्या पावसाळी हगवणीचा बराच भाग जाईल असा माझा अंदाज आहे. पावसाळ्यातील बुरशी लागलेला मकाही टाळा. त्यातील अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषावर ही पुडी उपाय नाही.

खर्चाचा हिशेब उदाहरणादाखल मांडतो. पुडी ४०० रुपये किलो आणि मात्रा टनाला ५०० ग्रॅम असेल तर किलोभर खाद्यामागे २० पैसे पडतात. पुडी चालू असताना पिल्लाने २५ किलो खाद्य खाल्ले असे धरले, तर पिल्लामागे ५ रुपये होतात. एक पिल्लू वाचले तरी शंभर पिल्लांचा खर्च निघावा, इतकी ही रक्कम लहान आहे. म्हणून खर्चाची भीती बाळगू नका. भीती आहे ती पुडी चालू आहे या समाधानात फळी, पडदा आणि पाण्याचे निपल विसरले जाण्याची.

आणि माझ्या शब्दावरही विसंबू नका, स्वतःच्या शेडमध्ये पडताळा घ्या. पुढच्या दोन-तीन महिन्यांत विणाऱ्या आठ माद्या निवडा आणि चिठ्ठ्या टाकून चार माद्यांना पुडी द्या, चारांना नको. बाकी सारे सारखे ठेवा. पुडीवाली वेते सगळी कोरड्या बाजूला आणि बिनपुडीची पावसाच्या बाजूला, असे होऊ देऊ नका. दोन्हींकडे झाडू आणि गमबूट वेगळे ठेवा, कारण बीजाणू पायांवरून सहज प्रवास करतात. दूध तोडण्याच्या दिवशी, १४ व्या आणि २८ व्या दिवशी प्रत्येक पिल्लाचे वजन काट्यावर करा, डोळ्यांच्या अंदाजाने नव्हे. पहिले १४ दिवस रोज सकाळी विष्ठेला घट्ट असेल तर ०, मऊ १, पातळ २ आणि पाण्यासारखी ३ असे गुण द्या. कोणत्या कप्प्याला पुडी आहे हे गुण देणाऱ्याला ठाऊक नसेल तर उत्तम. आठ वेतांवरून शास्त्रीय निष्कर्ष निघत नाही, पण तुमच्या शेडमध्ये या पुडीचा फरक ठळक आहे की नाही एवढे नक्की कळते. त्या वहीची पाने मला पाठवलीत तर मी ती आनंदाने पाहीन.

एक शेवटचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण नाताळच्या तोंडावर वसई आणि ठाण्यातील ख्रिस्ती कुटुंबांना तुम्ही माल देता, म्हणून तो लागू होतो. निव्वळ जिवाणूंच्या प्रोबायोटिकसाठी कत्तलीपूर्वी खाद्य थांबवण्याचा काळ पाळावा लागत नाही. प्रतिजैविक दिलेल्या डुकरासाठी मात्र तो काळ काटेकोर पाळावाच लागतो आणि तो औषधाच्या वेष्टनावर छापलेला असतो. काही पुड्यांत प्रोबायोटिकबरोबर प्रतिजैविकही गुपचूप मिसळलेले असते. जी पुडी दुसऱ्या दिवशीच हगवण थांबवते, तिच्याकडे मी त्याच संशयाने पाहतो. तशी पुडी हाती आली तर तिचे वेष्टन जपून ठेवा, त्या कप्प्यातील जनावरे विक्रीतून बाजूला काढा आणि उरलेल्या पुडीचा नमुना तपासणीला द्या.